चोरबीटीची तपासणी : कोणासाठी आणि कोणाच्या हातात?

मे महिना संपत आला की यवतमाळ जिल्ह्यातल्या वर्तमानपत्रांत एक बातमी ठरलेली असते. अमुक गावात कृषी विभाग आणि पोलिसांची धाड, चोरबीटीची इतकी पाकिटे जप्त, नमुने तपासणीसाठी प्रयोगशाळेत रवाना. बातमी इथेच संपते. तपासणीचा अहवाल काय आला, तो कोणाला कळला, ज्या बाईने तेच बियाणे तोवर शेतात टोबून टाकले होते तिचे पुढे काय झाले, हे या बातमीत कधीच नसते. मी गेली अकरा वर्षे या जिल्ह्यात बायांच्या बचत गटांबरोबर आणि एकल शेतकरी बायांबरोबर काम करते आहे. या अकरा वर्षांत बियाण्याच्या तपासणीचा कागद एखाद्या बाईच्या हातात पडलेला मी पाहिलेला नाही.

आणि तरी सरकी टोबते कोण? बाई. पहिला पाऊस पडला की ओटीत सरकी बांधून ओळीने टोबत जाणारी, नांगे भरणारी, निंदणारी, खत देणारी, दिवाळीनंतर कापूस वेचणारी बाईच असते. बियाण्याचा प्रत्येक दाणा तिच्या बोटांतून मातीत जातो. त्या दाण्यात काय आहे ते जाणून घेण्याचा हक्क मात्र कंपनीला आहे, कृषी अधिकाऱ्याला आहे, पोलीस ठाण्याला आहे. तिलाच तेवढा नाही. या लेखात मला एवढेच मांडायचे आहे की बियाण्याची तपासणी हा आपल्या चळवळीचा प्रश्न आहे. तो आपण शास्त्रज्ञांवर आणि पोलिसांवर सोडून दिला आहे.

पाकिटात असते तरी काय?

बीटी कापसाला आपल्या देशात परवानगी मिळाली मार्च २००२ मध्ये. त्याच्या आदल्याच वर्षी गुजरातेत हजारो एकरांवर बेकायदा बीटी उभा असल्याचे उघडकीस आले होते. म्हणजे आधी शेतात आणि मग कागदावर, ही रीत तेव्हापासूनचीच. या कापसात मातीतल्या एका जिवाणूचे जनुक घातलेले असते. त्यामुळे झाडात बोंडअळीला मारणारे प्रथिन तयार होते. २००६ साली अशा दोन जनुकांचे बियाणे आले. आज दुकानात पावतीवर मिळते ते हेच.

गावात ज्याला चोरबीटी म्हणतात त्यात याशिवाय आणखी एक जनुक असते. ग्लायफोसेट नावाचे तणनाशक झाडातले एक विकर बंद पाडते. वाढीला लागणारी द्रव्ये त्या विकराशिवाय तयार होत नाहीत, म्हणून झाड काही दिवसांत पिवळे पडून वाळते. चोरबीटीत दुसऱ्या एका जिवाणूकडून घेतलेले, ग्लायफोसेटला दाद न देणारे विकर असते. त्यामुळे सगळ्या वावरावर फवारा मारला तरी तण जळते आणि पऱ्हाटी उभी राहते. सरकारी भाषेत याचे नाव तणनाशक सहनशील बीटी, म्हणजे एचटीबीटी.

या बियाण्याच्या परवानगीसाठी आलेला अर्ज कंपनीने २०१६ मध्ये मागे घेतला. अर्ज मागे गेला, बियाणे मात्र पुढे आले. केंद्र सरकारने नेमलेल्या समितीने २०१७ च्या हंगामाची पाहणी केली. महाराष्ट्र, तेलंगण, आंध्र आणि गुजरातमध्ये कापसाखालच्या सुमारे १५ टक्के क्षेत्रावर हे बियाणे असावे, असा तिचा अंदाज होता. यवतमाळ जिल्ह्यात कापसाचा पेरा चार लाख हेक्टरांच्या वर असतो. तेलंगणची सीमा लागून आहे. पांढरकवडा, झरी, वणी, घाटंजी या पट्ट्यात पाकीट कोणाकडे मिळते हे लहान पोरालाही ठाऊक असते. ते फक्त धाड टाकणाऱ्यांना मे महिन्यातच आठवते.

तपासणी अवघड नाही

तपासणी म्हटले की आपल्याला पांढरे कोट आणि बंद दारे आठवतात. प्राथमिक तपासणीसाठी त्यातले काही लागत नाही. सरकीचे दाणे कुटायचे, थोड्या द्रावणात किंवा पाण्यात कालवायचे आणि त्यात कागदाची एक पट्टी बुडवायची. काही मिनिटांत पट्टीवर रेघ उमटते. एकच रेघ आली तर पट्टी ठीक आहे, पण शोधत असलेले प्रथिन दाण्यात नाही. दोन रेघा आल्या तर ते आहे. गरोदरपणाची पट्टी ज्या तत्त्वावर चालते तेच हे तत्त्व. आपल्या गावच्या आशाताई ती पट्टी रोज वापरतात.

नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने बीटीचे प्रथिन ओळखण्याच्या पट्ट्या वीस वर्षांपूर्वीच तयार केल्या होत्या. तणनाशक सहन करणारे प्रथिन ओळखणाऱ्या पट्ट्याही बाजारात आहेत. पट्टीने संशय आला की पक्क्या निकालासाठी प्रयोगशाळेत जनुकाचीच तपासणी करता येते. एक काळजी मात्र घ्यावीच लागते. पाकिटातल्या सरकीला विषारी औषध लावून रंग दिलेला असतो, त्यामुळे ती हातमोज्यांशिवाय कुटू नये आणि घरच्या खलबत्त्यात तर मुळीच नाही. (टोबताना बाई दिवसभर तीच सरकी उघड्या हाताने धरते, ती गोष्ट वेगळी. तिच्यासाठी हातमोजे कोणी आणले?)

बायांना हे जमेल का, असे एका बैठकीत मला एका साहेबांनी विचारले. सोयाबीनचे घरचे बियाणे पेरण्याआधी आमच्या बाया ओल्या गोणपाटावर शंभर दाणे मांडतात, गुंडाळी करून सावलीत ठेवतात, रोज पाणी शिंपडतात, आणि किती उगवले ते मोजून पेरणीचा निर्णय करतात. कृषी विभागच ही उगवण चाचणी गावोगाव शिकवतो. जिला शंभरातले सत्तर मोजता येतात तिला पट्टीवरच्या दोन रेघा मोजता येणार नाहीत काय?

आजची तपासणी कोणाच्या उपयोगाची?

तर अडचण तंत्राची नाही. आज होणारी तपासणी पुराव्यासाठी होते, माहितीसाठी होत नाही. नमुना घेतला जातो तो कोणावर तरी खटला भरण्यासाठी. अहवाल येईपर्यंत पेरणी उरकलेली असते. आला तरी तो फायलीत जातो. पाकीट विकणारा दुसऱ्या दिवशी दुसऱ्या गावात असतो. सापडतो तो शेतकरी, कारण त्याचे वावर पळून जाऊ शकत नाही.

पेरणाऱ्याची खरी तपासणी जुलैमध्ये होते, आणि ती जीवघेणी असते. चोरबीटी म्हणून घेतलेले बियाणे खरेच चोरबीटी आहे की नाही हे फवारा मारल्यावरच कळते. पाकिटात भेसळ असेल, निम्मे दाणे साधे असतील, तर तणाबरोबर निम्मी पऱ्हाटीही जळते. दुबार पेरणीची वेळ गेलेली असते. तक्रार करायला जावे तर पावती नाही. महाराष्ट्रात कापूस बियाण्यासाठी २००९ चा स्वतंत्र कायदा आहे. २०१७ मध्ये गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला तेव्हा या कायद्याखाली शेतकऱ्यांकडून ‘जी’ नमुन्यात तक्रारी भरून घेतल्या, आणि सोबत बियाण्याची पावती मागितली. पावतीवरच्या, सरकारने परवानगी दिलेल्या बियाण्याची भरपाई मिळवतानाही लोकांच्या चपला झिजल्या. मग बिनपावतीच्या बियाण्याला कोण दारात उभे करणार?

त्यातून शेत करणारी बाई एकटी असेल तर विचारूच नका. महिला किसान अधिकार मंचाने (मकाम) २०१८ मध्ये विदर्भ आणि मराठवाड्यातल्या आत्महत्याग्रस्त कुटुंबांतल्या ५०५ स्त्रियांची पाहणी केली. त्यातल्या ४० टक्के स्त्रियांच्या नावावर नवऱ्याच्या मागे जमीन झालेली नव्हती. सातबारा सासऱ्याचा किंवा दिराचा, कर्ज सावकाराचे, बियाणे कृषी केंद्रातून उधारीवर, आणि राबणारी ही. जिच्या नावाचा सातबारा नाही तिच्या नावाची पावती नसते. जिच्या नावाची पावती नाही तिच्या बियाण्याची तपासणी कोणी करत नाही. पीक बुडाले की मात्र नुकसान बिनतक्रार तिच्या नावावर चढते.

‘बाया मोकळ्या होतील’

या बियाण्याच्या बाजूने बोलणारे एक वाक्य नेहमी फेकतात: तणनाशक आले की बाया निंदणातून मोकळ्या होतील. १० जून २०१९ रोजी अकोला जिल्ह्यातल्या अकोली जहांगीर येथे शेतकरी संघटनेने कायदा मोडून हे बियाणे जाहीरपणे पेरले. पुढे तिथले नमुने तपासायला गेले, शेतकऱ्यांवर गुन्हे दाखल झाले. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, हा संघटनेचा मुद्दा. मी तो थट्टेवारी नेत नाही. याच संघटनेने १९८६ मध्ये चांदवडला शेतकरी स्त्रियांचे प्रचंड अधिवेशन भरवले होते. पुढे लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमातून हजारो पुरुषांना आपल्या बायकोच्या नावे जमीन करायला लावले होते. त्या वारशाची आठवण ठेवूनच मी विचारते: शेतकऱ्याच्या निवडीचे स्वातंत्र्य म्हणता तेव्हा शेतकरी म्हणजे कोण? सातबारावाला की निंदणारी?

जिच्याकडे पाच-दहा एकर आहेत आणि जिला वेळेवर मजूर मिळत नाहीत, तिची काळजी या वाक्याने हलकी होते, हे खरे. पण निंदणाला जाणारी भूमिहीन बाई, कोलाम पोडावरची बाई मोकळी होते म्हणजे काय होते? जुलै ते सप्टेंबर हे तिच्या कमाईचे महिने. पेरणी संपली, वेचणीला अवकाश आहे, घरातले धान्य सरत आले आहे, अशा वेळी निंदणाचा रोज किंवा गुत्ता हाच आधार. दहा-बारा बायांचे टोळके चार दिवस लावून जे वावर निंदते ते एक पुरुष पाठीवर पंप घेऊन एका दिवसात फवारून मोकळा होतो. मजुरी बायांकडून पुरुषाकडे गेली, आणि बरीचशी औषधाच्या दुकानात गेली. हिला मोकळीक म्हणतात काय? ही बेकारी आहे, आणि ती बाईच्याच वाट्याची आहे.

दुसरी गोष्ट वावरातल्या भाजीची. आमच्याकडे पऱ्हाटीत तुरीची ओळ असते. कडेने अंबाडी, चवळी, थोडे मूग-उडीद असतात. ही पेरणी बहुधा बाईची, आणि ते धान्यही तिच्या ताब्यातले. ग्लायफोसेटचा फवारा मारायचा तर यातले काहीच ठेवता येत नाही, कारण तूर आणि अंबाडीला ते जनुक नाही. शेजारच्या धुऱ्यावरून वारा आला तरी तिची तूर करपते. ज्याला कृषी पुस्तकात तण म्हणतात त्यात तरोटा आहे, कुंजरू आहे, घोळ आहे, चिवळ आहे. निंदून परतणाऱ्या बाईच्या ओच्यात संध्याकाळची भाजी असते आणि डोक्यावर शेळीच्या चाऱ्याचा भारा. याची नोंद कोणत्या जमाखर्चात होते? एकरी उत्पन्नाचे आकडे मांडणाऱ्यांच्या तक्त्यात यासाठी रकानाच नाही.

आणि ‘निंदण वाचवा’ म्हणणाऱ्या आपण

आता थोडे आपल्याच मैत्रिणींशी. जनुकबदल बियाण्याच्या विरोधातले लोक बाईच्या मजुरीचा मुद्दा बरोबर मांडतात. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने २०१३ च्या अहवालात तणनाशक सहनशील पिके भारताला योग्य नाहीत असे म्हटले, आणि त्यात ग्रामीण उपजीविकेचा विचार होता. पण शहरातल्या सभेत कोणी निंदणाचे गोडवे गाऊ लागले की मला राहवत नाही. श्रावणातल्या चिखलात दिवसभर उकिडवे बसून विळा चालवायचा, पोटुशी बाई असो की पाळीतली असो, प्यायला धड पाणी नाही, आडोसा नाही, गवतात साप, हाताला चिरा, आणि संध्याकाळी मिळणारा रोज पुरुषाच्या रोजापेक्षा कमी. या कामाला संस्कृती म्हणून मखरात बसवायचे काही कारण नाही.

म्हणून ज्या एकट्या बाईने मजुरीला पैसे नाहीत म्हणून चोरबीटी पेरली, तिला मी दोष देणार नाही. दुकानातल्या साध्या बीटीच्या पाकिटाचा दर सरकारने २०२५ साठी ९०१ रुपये ठरवला होता. त्याहून जास्त मोजून ती बिनपावतीचे पाकीट घेते ती हौसेने नव्हे. तिच्यासमोर दोनच वाटा ठेवल्या आहेत, कंबर मोडा किंवा विष फवारा. हलकी सायकल कोळपी, उभ्याने चालवायची अवजारे, निंदणाच्या दिवसांत रोजगार हमीतून मजूर, एकल बाईला पहिल्या निंदणासाठी अनुदान, या मधल्या वाटा कोणी बांधल्याच नाहीत. तंत्रज्ञान म्हटले की एक बियाणे आणि एक बाटली, एवढीच आपल्या राज्यकर्त्यांची झेप.

विषाचे विसरून चालणार नाही

यवतमाळ जिल्ह्याला फवारणी म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. २०१७ च्या पावसाळ्यात इथे वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर विषबाधेने दगावले आणि शेकडो दवाखान्यात पोचले. वसंतराव नाईक शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाच्या वॉर्डात डोळ्यांना पट्ट्या बांधलेले पुरुष आम्ही पाहिले. ती मुख्यतः कीटकनाशके होती, ग्लायफोसेट नव्हे, हे स्पष्ट सांगायला हवे. पण गावातल्या फवारणीची तऱ्हा तीच राहते. पंप पुरुषाच्या पाठीवर असतो, पाणी बाई आणते, औषध बऱ्याचदा तीच कालवते, आणि रात्री विषाने भिजलेले कपडे हाताने धुते. दवाखान्याच्या यादीत तिचे नाव येत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१५ मध्ये ग्लायफोसेटला माणसात बहुधा कर्करोग निर्माण करणाऱ्या द्रव्यांत धरले. इतर काही नियामक संस्थांचे मत वेगळे आहे. तो वाद चालू राहो. आपल्याकडे त्याची नोंदणी चहाचे मळे आणि पडीक जागा एवढ्यासाठीच होती, कापसासाठी नव्हती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्राने अधिसूचना काढली की ग्लायफोसेट फक्त कीडनियंत्रण करणाऱ्या परवानाधारकांनीच वापरावे. पोडावर असा परवानाधारक कोणी पाहिला आहे काय? चोरबीटी वाढली की ग्लायफोसेट वाढणारच. म्हणून बियाण्याची तपासणी ही विषाचीही आगाऊ सूचना आहे. कोणत्या शिवारात किती चोरबीटी आहे हे जूनमध्ये कळले तर आरोग्य केंद्राला जुलैची तयारी करता येईल.

आपण काय मागायचे?

१. तपासणी पेरणीआधी, फुकट आणि गावात व्हावी. मेच्या दुसऱ्या पंधरवड्यात आठवडी बाजाराच्या दिवशी कृषी विभागाने पट्ट्या, हातमोजे आणि शिकवलेल्या बाया घेऊन बसावे. हे काम कृषी सखी आणि बचत गटातल्या बायांना मानधनावर द्यावे.

२. तपासायला आणलेले बियाणे आणणाऱ्याविरुद्ध पुरावा म्हणून वापरू नये. पर्यावरण कायद्यात यासाठी तुरुंग होता. २०२३ च्या जन विश्वास कायद्याने त्याऐवजी १० हजारांपासून १५ लाखांपर्यंत दंड ठेवला आहे. तो विकणाऱ्यावर, आणणाऱ्यावर आणि बनवणाऱ्यावर बसवा. दोन एकरवालीवर नको.

३. पावती नाही म्हणून तक्रार नाकारू नये. शेतातल्या झाडाचे पान तपासूनही हे बियाणे ओळखता येते. ते आणि पंचनामा पुरावा म्हणून धरावा. तक्रार करणाऱ्या बाईकडे सातबारा मागू नये, प्रत्यक्ष कसणारी म्हणून ग्रामसभेचा दाखला पुरावा.

४. तणनाशक सहनशील पिकाला परवानगी द्यायची की नाही हे ठरवताना बाईच्या मजुरीचे दिवस, आंतरपीक, भाजी-चारा आणि तिच्या अंगावर पडणारे विष यांचा हिशेब मांडल्याशिवाय निर्णय घेऊ नये. जनुकबदल मोहरीतही तणनाशक सहन करणारे जनुक आहे. तिच्या परवानगीवरून सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींत जुलै २०२४ मध्ये मतभेद झाला. त्या साऱ्या वादात निंदणारी बाई साक्षीला कुठे होती?

५. निंदणाचे कष्ट कमी करणारी अवजारे आणि पहिल्या निंदणाची मजुरी यांसाठी वेगळी तरतूद हवी, आणि त्यात एकल स्त्रियांना अग्रक्रम हवा.

यातली पहिली मागणी तर आपण सरकारची वाट न पाहता सुरू करू शकतो. येत्या मेमध्ये घाटंजी आणि झरी तालुक्यातल्या काही गटांनी वर्गणी काढून पट्ट्या आणायचे ठरवले आहे. गावातच, ज्याचे पाकीट त्याच्यासमोर तपासायचे आणि निकाल सांगून पाकीट परत द्यायचे. नाव लिहायचे नाही, गाव आणि निकाल तेवढा फळ्यावर लिहायचा. पेरायचे की नाही हे तिने ठरवावे, पण काय पेरते आहोत हे कळून ठरवावे.

कापूस पिकवणाऱ्या इतर जिल्ह्यांतल्या मैत्रिणींनी आपापल्या गटांत यावर चर्चा करावी. मतभेद असतील तर जरूर लिहावे, विशेषतः ज्या स्वतः निंदणाला जातात त्यांनी. लिहिता येत नसेल तर कोणाकडून तरी लिहवून घ्यावे. पुढच्या अंकात ती पत्रे आधी छापावीत आणि आम्हा शिकलेल्यांचे लेख नंतर, अशी संपादक मैत्रिणींना विनंती.